पाळी आधी कळली पाहिजे

गेटमधून आत शिरलास की मशीन नंतर बघ, आधी भिंत बघ. टाइम ऑफिसच्या खिडकीशेजारी, नाहीतर सिक्युरिटीच्या केबिनला लागून काचेची एक पेटी लावलेली असते. काच धुळकटलेली, आत मागच्या वर्षीच्या सुरक्षा सप्ताहाचं पोस्टर, किमान वेतनाचा तक्ता, आणि त्याच्यामागे अर्धा दडलेला एक कागद. ती कामाच्या वेळांची नोटीस. कोणत्या गटाची पाळी किती वाजता लागते, जेवणाची सुट्टी कधी, पाळी सुटते कधी, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, सगळं त्यात असतं. तो कागद पुरता वाच. मोबाइल आत नेऊ देत नसतील तर डायरीत उतरवून घे. नवीन पोरं पहिल्या दिवशी पगार कोणत्या तारखेला आणि बूट कधी मिळणार एवढंच विचारतात. तू वेळेचा कागद विचार.

माझी सगळी नोकरी टाइम ऑफिसात गेली. आधी खानदेशातली एक कापडगिरणी, ती बंद पडल्यावर जळगावच्या एमआयडीसीतला एक कारखाना. मस्टर माझ्या हातात असायचं, त्यामुळे भांडणं आपसूक माझ्या खिडकीशी यायची. त्यातली निम्मी पैशाची नसायचीच, वेळेची असायची. 'मला कोणी सांगितलंच नाही' असं एक म्हणणार आणि 'मी काल सांगितलं होतं' असं दुसरा म्हणणार. दोघांकडे कागद नाही. मग ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं.

फॅक्टरी इन्स्पेक्टर कसा काम करायचा ते सांगतो. जो खरा मुरलेला असे तो मॅनेजरच्या केबिनमध्ये चहाला बसत नसे. आधी त्या काचेच्या पेटीसमोर उभा राहायचा, वेळा टिपून घ्यायचा. मग सरळ खात्यात जाऊन एखाद्या मशीनवरच्या माणसाला नाव विचारायचा, 'कधी आलास?' विचारायचा. तिथून माझ्या खिडकीवर. 'रजिस्टर काढा.' नोटिशीत दुसरी पाळी चारला लागते असं लिहिलेलं, आणि माणूस तर दोनपासून मशीनवर उभा, असं निघालं की मॅनेजरच्या कपाळावर घाम. कारण कारखाने अधिनियम, १९४८ च्या ६१ व्या कलमानं ती नोटीस लावणं सक्तीचं केलं, आणि ६३ व्या कलमानं सांगितलं की नोटीस आणि रजिस्टर यांच्याशी जुळेल त्याच वेळेत माणसाला कामावर ठेवता येईल. नोटीस नुसती इंग्रजीत लावून चालत नाही. बहुतेक कामगारांना जी भाषा कळते तीतही लावायची, आणि मुख्य दरवाजाजवळ, सहज दिसेल अशी.

त्या ६१ व्या कलमात एक गोष्ट आहे जी मला फार आवडते. पाळ्या ठरावीक दिवसांनी फिरणार असतील तर त्या फिरण्याचा तक्ता मॅनेजरनं आधी आखायचा. असा की कोणत्याही दिवशी, कोणत्याही वेळेला कोणती टोळी कामावर असेल हे आधीच कळलं पाहिजे. आता बघ, फर्स्ट-सेकंड-थर्ड आठवड्याला फिरते याबद्दल कुणाची तक्रार नसते. तक्रार असते ती सेकंड संपवून घरी जेवायला बसलेल्या माणसाला 'सकाळी फर्स्टला ये' असा निरोप येतो त्याची. तू धुळ्याचा, खोली करून राहशील, तुझं भागेल. पण पारोळा-एरंडोलहून अप-डाऊन करणारी पोरं शेवटच्या एसटीवर जगतात. पाळीची वेळ दोन तासांनी सरकली की त्यांची रात्र बसस्टँडवर जाते.

तेव्हा पहिला कानमंत्र हा, की फिरत्या पाळ्यांचा तक्ता मागायचा. मागताना 'माझी पाळी का बदलली' असं विचारायचं नाही, 'साहेब, महिन्याचा तक्ता लावाल का' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नाला सुपरवायझर चिडतो, दुसऱ्याला त्याच्याकडे उत्तर नसतं.

आता पाळीची पद्धतच बदलायची असेल तेव्हा काय. म्हणजे आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या मोडून बाराच्या दोन करायच्या, किंवा जेवणाची सुट्टी हलवायची. त्याला एका माणसाचा निरोप पुरत नाही. कारखाने अधिनियमानुसार असा बदल करण्याआधी इन्स्पेक्टरला दोन प्रतींत कळवायचं, आणि त्याची आगाऊ परवानगी नसेल तर मागच्या बदलाला आठवडा उलटल्याशिवाय नवा बदल करायचा नाही. म्हणजे सोमवारी एक वेळ आणि गुरुवारी दुसरी, असा खेळ चालत नाही. याच्यावर औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चं कलम ९अ. कामाचे तास, विश्रांतीची वेळ, पगारी रजा, स्थायी आदेशांना सोडून पाळी सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं, यातलं काहीही करायचं तर कामगारांना लेखी नोटीस द्यायची आणि २१ दिवस थांबायचं. गिरणीत असताना अशी नोटीस लागली की खात्यात कुजबुज सुरू व्हायची, युनियनवाले कागद उतरवून न्यायचे. त्या तीन आठवड्यांचा उपयोग यासाठीच.

तू म्हणशील, नाना, आता नवे कायदे आले. आले खरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि हे जुने कायदे त्यांच्यात मिसळले. घाबरून जायचं कारण नाही. २१ दिवसांची नोटीस औद्योगिक संबंध संहितेच्या ४० व्या कलमात तशीच बसली आहे. कामाच्या वेळांची नोटीस लावायची सक्ती सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत आहे. जादा कामाला दुप्पट दर आहे, आणि जादा काम कामगाराच्या संमतीनं घ्यायचं हे तिथं स्पष्ट लिहिलं आहे. कलमांचे आकडे तू पाठ करू नकोस, ते बदलतात. 'आठवड्याला ४८ तास', '२१ दिवस' आणि 'दुप्पट' एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यात दिवसाचे तास नऊवरून बारापर्यंत न्यायला मंजुरी दिली तेव्हा आमच्या कट्ट्यावर पोरं म्हणाली, आता बारा तास राबवणार. आठवड्याची मर्यादा मात्र ४८ चीच ठेवली आहे. बारा तास घ्यायचे तर दिवस कमी भरायला हवेत, नाहीतर वरच्या तासांचे दुप्पट पैसे मोजायला हवेत. दिवसाचा आकडा वाढला तरी आठवड्याची बेरीज तू रोज करत जा.

कंत्राटी म्हणून लागला असशील तर ठेकेदार सांगेल, 'ती नोटीस कंपनीच्या माणसांची, तुझं मी बघतो.' ऐकून घे, पण मानू नकोस. कारखान्याच्या कायद्यात ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच. भिंतीवरची वेळ त्याला लागू.

आता गेटवरून परत पाठवण्याची गोष्ट. हा दुसरा कानमंत्र, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. डाळमिलमध्ये माल आला नाही, जिनिंगमध्ये गाडी अडकली, पाइपाच्या कारखान्यात लाइट गेली, की सुपरवायझर गेटवरच सांगतो, 'आज काम नाही, घरी जा.' पोरं सायकल वळवतात आणि जातात. मस्टरवर त्या दिवशी काय पडतं? खाडा. म्हणजे माणूस आलाच नाही. कायदा वेगळं सांगतो. ज्याचं नाव मस्टरवर आहे तो ठरल्या वेळी कामावर हजर झाला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, तर तो त्या दिवसापुरता 'ले-ऑफ' धरला जातो. 'दुपारनंतर या' असं सांगितलं, तो आला आणि काम मिळालं, तर अर्ध्या दिवसाचाच ले-ऑफ. दुपारी येऊनही काम नसेल तर त्या अर्ध्या दिवसाचा पुरा मूळ पगार आणि महागाई भत्ता. कारखान्यात पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि तुझं एक वर्ष भरलं असेल, तर ले-ऑफच्या दिवसाला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. हंगामी कारखान्याला आणि बदली कामगाराला ती नाही, हेही ऐकून ठेव. जिनिंगवाला हंगामावरच बोट ठेवणार.

म्हणून काय करायचं? गेटवरून वळायचं नाही. आत जायचं, पंच करायचं, पंचिंग बंद असेल तर खिडकीवर नाव सांगायचं आणि बसायचं. दोन तास. सोबत एक-दोघं घ्यायची. सुपरवायझर तावातावानं बोलेल, पण बसलेल्या माणसाला खाड्याचा शेरा मारताना टाइमकीपरचा हात अडखळतो. ही आतली गोष्ट आहे, मी त्या खिडकीच्या आत होतो. गिरणीच्या काळात बदलीवाले रोज सकाळी भोंग्याआधी गेटवर रांग लावून उभे राहायचे. कुणी आलं नाही तर त्यांना काम, नाहीतर डबा तसाच घरी. काम मिळालं नाही तर रांगेत एक तरी म्हणायचा, 'बर झालं भो, आज शेतात जाता येईल.' खरं म्हणजे कुणाला बरं वाटत नसे.

आता तुमच्या व्हॉट्सॲपकडे येतो. माझ्या भाच्याच्या पोराची गंमत नाही, रडगाणं आहे. रात्री दहाला फोन हातात घेऊन बसतो. 'नाना, माले आजून उद्यानी पाळी माहीत नही.' ग्रुपवर मेसेज पडेल तेव्हा कळणार, आणि तोवर घरच्यांनी सकाळी डबा करायचा की दुपारी हेही ठरत नाही. या मेसेजला शिव्या देऊ नकोस, तो तुझा कागद आहे. पूर्वी मुकादम तोंडी सांगून तोंडी फिरायचा. आता वेळ-तारखेसकट लिहून देतो आहे. मेसेज आला की लगेच स्क्रीनशॉट काढ, कारण सकाळी तो 'डिलीट' झालेला असू शकतो. आणि खाली साध्या शब्दांत उत्तर लिही: 'साहेब, आपला रात्री १० वाजून ५ मिनिटांचा मेसेज मिळाला. मी आज रात्री साडेअकराला सेकंड सुटून घरी पोचेन. उद्या सकाळी सातच्या फर्स्टला येतो. वेळापत्रकातला हा बदल नोंदवावा ही विनंती.' भांडण नाही, टोमणा नाही. नुसती नोंद. अशी नोंद तीन-चारदा पडली की सुपरवायझर आपणहून आधी सांगायला लागतो. वरच्यांनी विचारलं तर ती नोंद त्याच्याच नावावर बसणार, हे त्याला कळतं.

मेसेजबरोबर डायरी हवीच. महागडी नको, दुकानात मिळते ती खिशातली. एका पानावर एक आठवडा. तारीख, भिंतीवरची पाळी, प्रत्यक्ष आलेली वेळ, सुटलेली वेळ, आणि शेवटी 'कोणी सांगितलं'. हा शेवटचा रकाना कुणी ठेवत नाही आणि तोच कामाला येतो. लाल-निळ्या शाईचा सोस नको. रोज त्याच पेनानं, त्याच दिवशी लिहायचं. महिन्याच्या शेवटी एकदम भरलेली डायरी कुठल्याही सरकारी कामगार अधिकाऱ्याला नजर टाकताच ओळखू येते. मला तर यायचीच.

ओव्हरटाइमचा हिशेबही तिथंच कर. आठ तासांचा रोज ५२० रुपये धरला तर तासाला ६५ झाले, जादा तासाला १३०. पगारपत्रकावर 'इन्सेंटिव्ह' म्हणून गोळा रक्कम दिसली तर हा हिशेब घालून बघायचा. बहुतेक वेळा ती सिंगल दरानं निघते.

साप्ताहिक सुट्टीचं म्हणशील तर ती काही मालकांनी खुशीनं दिलेली नाही. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना जमवून मागण्या लिहून काढल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. नीट बघ, त्यात पगारवाढ नाही. बहुतेक मागण्या वेळेच्या. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. त्यामुळे 'या रविवारी जरा ॲडजस्ट कर' असं कोणी म्हटलं की ॲडजस्ट कर, पण बदल्यात कोणता दिवस ते विचार. कारखाने अधिनियमात बदलीची सुट्टी त्या रविवारच्या आधी किंवा नंतर तीन दिवसांत द्यायची, ती नोटीस बोर्डावर आधी लावायची, आणि सलग दहा दिवसांहून जास्त काम पूर्ण सुट्टीवाचून घ्यायचं नाही, असं स्पष्ट होतं. खास सूट घेऊन सुट्टी मारली असेल तर ती त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत परत मिळते. 'नंतर बघू' या शब्दांत किती सुट्ट्या बुडाल्या याचा हिशेब कुठल्याच मस्टरात नाही.

तुझ्या ताईला वेगळं सांगायला हवं. ती शोरूममध्ये, म्हणजे तिच्यावर दुकानांचा कायदा. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथं तो लागू झाला. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं ही रेघ वीसवर न्यायला आणि दिवसाचे तास नऊचे दहा करायला मंजुरी दिली. तेव्हा पहिल्यांदा मालकाकडं माणसं किती हे मोजून घ्यायचं, गोडाऊनची आणि डिलिव्हरीची पोरं धरून. या कायद्यात पाळीतल्या कामाच्या वेळा कामगारांना लेखी कळवायच्या आहेत. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईमाणसाला तिच्या संमतीशिवाय थांबवता येत नाही, आणि थांबवलं तर सुरक्षेची आणि घरी पोचवण्याची सोय मालकाची. दिवाळीत सराफ बाजार आणि फुले मार्केट उशिरापर्यंत उघडं असतं, तेव्हा ही संमती 'सगळ्याच थांबल्यात' एवढ्यावर घेतली जाते. ताईला सांग, थांबायचं असेल तर थांब, पण रिक्षाचं कोण बघणार हे आठला विचार, साडेदहाला नको.

आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आपल्या खानदेशात आखाजीला माहेरी गेली नाही अशी सून कोणत्या घरात आहे? झोका, गौराई, आंब्याचा रस, पुरणपोळी. नेमकं त्या आठवड्यात लग्नसराईची गर्दी असते आणि मालक म्हणतो, आता सुट्टी कुणालाच नाही. याचं औषध एप्रिलमध्ये नाही, डिसेंबरात आहे. दुकानांच्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार पक्क्या. बाकीच्या चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसांत ठरवायच्या. बहुतेक दुकानांत हे ठरवणं होतच नाही. मालक पुण्या-मुंबईची यादी छापून आणतो आणि टांगतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चौघी-पाचजणींनी मिळून एक कागद द्यायचा: आमच्या चार सणांत आखाजी धरावी. मालकही इथलाच असतो, त्याच्या घरीही लेक आलेली असते. कानबाईच्या सणाचं तसं नाही, तो श्रावणातल्या रविवारी येतो. ज्यांच्या घरी रोट असतात त्यांनी तो रविवार सोडवून घ्यायचा, आणि आदल्या महिन्यातच.

ज्या नोकरीत पाळीच ठरलेली नसते तिचंही ऐक. भुसावळचं तुला ठाऊक आहे, अर्धं गाव रेल्वेचं. माझे साडू इंजिनावर होते. त्यांच्या दारात कॉलबॉय यायचा, कॉलबुकात सही घ्यायचा, की मग हे उठायचे. दिवस-रात्र काही नाही. मेहुणी म्हणायची, नवऱ्यापेक्षा कॉलबॉयचं तोंड जास्त पाहिलं. पण त्या बेभरवशाच्या नोकरीतही विश्रांतीचा हिशेब कायद्यात बांधलेला आहे. रनिंग स्टाफला महिन्यात किमान चार वेळा सलग ३० तासांची, नाहीतर पाच वेळा सलग २२ तासांची विश्रांती, आणि त्यात पूर्ण रात्र आली पाहिजे. हे सुखासुखी झालं नाही. १९४७ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्षांचा निवाडा आला, त्यानं रेल्वेच्या कामाचे सलग, तीव्र, अधूनमधून असे वर्ग पाडून तास ठरवले. मे १९७४ च्या मोठ्या संपाच्या मागेही इंजिनवाल्यांच्या तासांची खदखद होती. कधी बोलावतील सांगता येत नाही अशी नोकरी असेल तर, 'किती तास सोडतील' हे तरी पक्कं करून घ्यायचं, हे मी साडूंकडून शिकलो.

अमेरिकेत हल्ली पाळी आधी कळवण्याचे स्वतंत्र कायदे आहेत. ओरेगॉन राज्यानं २०१७ मध्ये केला. मोठ्या दुकानांना, हॉटेलांना आता १४ दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं, आणि आयत्या वेळी बदललं तर जादा पैसे मोजावे लागतात. न्यूयॉर्क शहरात फास्ट फूडवाल्यांना १४ दिवस, दुकानदारांना ७२ तास. आपल्याकडं आयत्या वेळच्या बदलाला असा थेट दंड नाही. ही उणीव आहे, आणि ती मान्य केलेली बरी. आपल्याकडं आहे ती भिंतीवरची नोटीस. ती जिवंत ठेवायचं काम आपलं.

जिथं भिंतच नाही तिथं? धुळ्याच्या यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या आणि मीटरवर मजुरी. रावेर-यावलला केळी कापणीची टोळी. गाडी कधी लागेल ते व्यापाऱ्याच्या फोनवर, बाया पहाटेपासून बांधावर बसलेल्या. आग्रा रोडवरच्या ढाब्यावर आणि ट्रान्सपोर्टात पोरं मालक सांगेल तितकी. इथं कायद्याचं पुस्तक उघडून बसलास तर हसतील. इथं बोली चालते, तेव्हा बोली नीट करायची. कापणीला जाताना भाव ठरवता तशी थांबायची मजुरी ठरवायची: गाडी दहापर्यंत नाही आली तर अर्धा रोज, बारापर्यंत नाही आली तर पुरा. मुकादमाकडून उचल घेण्याआधी हे बोलून घ्यायचं, उचल घेतल्यावर तोंडाला कुलूप लागतं. मालट्रकवर क्लीनर-ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्याला मात्र कायदा आहे. आधी तो मोटार वाहतूक कामगार अधिनियम, १९६१ होता, आता सुरक्षा-आरोग्याच्या संहितेत मिसळला; त्यात पाच किंवा जास्त कामगार असले की दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, आणि वेळांची नोटीस लावणं मालकावर होतं. मालकांना तो ठाऊक नसतो असं नाही.

तक्रारीची वेळ आलीच तर एकट्यानं जाऊ नकोस आणि पाळी लागताना जाऊ नकोस. पाळी लागताना सुपरवायझरला प्रॉडक्शनचा आकडा द्यायचा असतो, तेव्हा तो माणसात नसतो. शनिवारी दुपारी जा. आधी टाइम ऑफिस, मग पर्सोनेल, युनियन असेल तर तिचा माणूस बरोबर. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच घ्यायची, शिक्का आणि तारीख. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं. त्यानंतरही हललं नाही तर कारखान्यासाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, दुकानासाठी सरकारी कामगार अधिकारी. सरकारी टेबलावर आवाज चढवायचा नाही. डायरी, स्क्रीनशॉटच्या झेरॉक्स आणि भिंतीवरच्या नोटिशीची नक्कल, या क्रमानं ठेवायचं. नोटीस लावलेलीच नसेल तर तसं लिहून द्यायचं. तो गुन्हा सगळ्यांत सोपा सिद्ध होतो, कारण रिकामी काच खोटं बोलू शकत नाही.

मालकाकडून आधी कळवण्याची अपेक्षा ठेवतोस तर तूही आधी कळव. पगारी रजा हवी असेल तर कारखान्याच्या जुन्या नियमानं किमान १५ दिवस आधी अर्ज द्यायचा. पूर्वी वर्षात २४० दिवस भरले की वीस दिवसांमागं एक रजा पदरात पडायची, नव्या संहितेनं ती अट १८० दिवसांवर आणली आहे. लग्न असो, भागवत असो की शेतातली पेरणी, अर्जात कारण एका ओळीचं लिही. चार ओळी लिहिल्या की वाचणाऱ्याला शंका येते. 'घरगुती कामानिमित्त अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पगारी रजा मंजूर करावी. बदली म्हणून अमुक ऑपरेटरशी बोलणं झालं आहे.' ही दुसरी ओळ कुणी लिहीत नाही. मी सांगतो, माझ्या खिडकीतून ज्या अर्जात ही ओळ असायची तो अर्ज मी वरच ठेवायचो, आणि साहेब पहिली सही त्याच्यावर करायचे.